जमिनीखालच्या टाकीतले पाणी संपत आल्याचे चुंबकी फ्लोटने कसे ओळखावे आणि पंप कसा वाचवावा

प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीची जमिनीखालची टाकी आतून ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. एक एचपीचा मोनोब्लॉक पंप तिच्यातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो. महापालिकेचे पाणी कमी आले की खालची टाकी रिकामी होते, पंप हवा धरतो आणि मेकॅनिकल सील (पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारी कडी) जळते. यासाठी चुंबकी सेन्सर लावायचा आहे. रीड स्विच घ्यावा की हॉल सेन्सर, किती उंचीवर बसवावा आणि पंपाला कसा जोडावा?

रीडच घ्या. पण या कामात सेन्सरची निवड हा सर्वांत सोपा भाग आहे. वायर तुटली, कॉन्टॅक्ट गंजला, वीज गेली, काहीही बिघडले तरी यंत्रणेने ‘पाणी नाही’ असेच समजून पंप थांबवला पाहिजे. बसवलेल्या यंत्रणांपैकी बऱ्याच नेमक्या याच्या उलट जोडलेल्या असतात आणि टाकी पहिल्यांदा कोरडी पडेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आधी स्विचच्या आत काय आहे ते पाहू. काचेच्या बारीक नळीत निकेल-लोखंडाच्या दोन लवचीक पात्या असतात, आत बहुधा नायट्रोजन भरलेला असतो. चुंबक जवळ आला की पात्या एकमेकींकडे खेचल्या जातात आणि मंडल पूर्ण होते. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये काढलेली ही रचना तत्त्वतः अजून तशीच आहे. फ्लोट स्विचमध्ये ही नळी पोकळ दांडीत बसवून बंद केलेली असते आणि दांडीभोवती वरखाली सरकणाऱ्या फ्लोटमध्ये कडीच्या आकाराचा चुंबक असतो. पाण्याचा विजेशी कुठेच संबंध येत नाही. पाण्यात सळ्या सोडून चालणाऱ्या लेव्हल कंट्रोलरमध्ये सळ्यांवर क्षार बसतात, त्या गंजतात आणि महिन्यागणिक वागणे बदलते. तो त्रास इथे नाही.

हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकी क्षेत्र ओळखणारी इलेक्ट्रॉनिक चिप, वाईट नाही. त्यात काच नाही, हलणारा भाग नाही, कॉन्टॅक्ट झिजत नाही. जिथे सतत हादरे आहेत किंवा चुंबक नेमका किती सरकला हे मोजायचे आहे तिथे तोच घ्यावा. पण त्याला तीन तारा लागतात आणि सतत वीजपुरवठा लागतो. शिवाय नेहमीच्या एकध्रुवी हॉल स्विचला चुंबकाचा ठरावीक ध्रुव ठरावीक बाजूनेच यावा लागतो, चुंबक उलटा बसला की तो ढिम्म हलत नाही. पंधरा-वीस मीटर केबलच्या टोकाला, दमट टाकीत, इलेक्ट्रॉनिक चिप टांगण्यापेक्षा दोन तारांचा मुका रीड बरा. मोटारींच्या ब्रेक ऑइलच्या डबीतही लेव्हल कमी झाल्याचा दिवा बहुधा असाच फ्लोट आणि रीड वापरून लावलेला असतो.

आता उंची. फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळीदार झडप) गाळ ओढू नये म्हणून तळापासून १५ ते २० सेंटीमीटर वर ठेवलेला असतो. त्याच्या जाळीवर निदान ३० सेंटीमीटर पाणी हवे. ते नसेल तर पृष्ठभागावर भोवरा पडतो आणि पाणी शिल्लक असतानाच पंप हवा ओढू लागतो. म्हणजे पंप बंद होण्याची पातळी तळापासून साधारण ५० सेंटीमीटर. तुमच्या टाकीचा तळ ६ चौरस मीटर, म्हणून १ सेंटीमीटर म्हणजे ६० लिटर आणि खाली ३००० लिटर पाणी कायम अडकून राहील. हे ऐकले की कमिटी फ्लोट खाली सरकवायला सांगते. सरकवू नका. ते पाणी हवेच असेल तर टाकी धुण्याच्या वेळी तळात दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा करून फूट व्हॉल्व्ह त्यात उतरवा. वॉटरप्रूफिंग मात्र पुन्हा नीट करून घ्यावे लागेल.

एकच फ्लोट लावला तर काय होते? पाणी ५० सेंटीमीटरवर आले, पंप थांबला. पृष्ठभाग हिंदकळला किंवा नळाची बारीक धार चालू असली की पाणी बोटभर वर येते, फ्लोट उचलला जातो, पंप पुन्हा चालू, अर्ध्या मिनिटात पुन्हा बंद. असे तासभर चालले तर सील वाचेल, पण मोटरचे वाइंडिंग किंवा स्टार्ट कपॅसिटर जाईल. म्हणून दोन फ्लोट हवेत: खालचा ५० सेंटीमीटरवर, पंप थांबवणारा, वरचा ९० सेंटीमीटरवर, पुन्हा चालू करायला परवानगी देणारा. मधल्या ४० सेंटीमीटरमध्ये २४०० लिटर पाणी बसते. एक एचपीचा पंप २० मीटर उंचीवर मिनिटाला साधारण ९० लिटर देतो असे धरले, तर एकदा चालू झालेला पंप निदान २६ मिनिटे सलग चालेल. मोटरला एवढी उसंत पुरेशी आहे.

दोन्ही फ्लोट असे निवडा की वर उचलल्यावर कॉन्टॅक्ट बंद होईल, म्हणजे मंडल जुळेल. खाली पडल्यावर ते तुटले पाहिजे. बाजारातल्या बहुतेक छोट्या उभ्या फ्लोट स्विचमध्ये चुंबक फ्लोटच्या मध्यावर नसून एका टोकाकडे असतो. त्यामुळे खालची क्लिप काढून फ्लोट उलटा घातला की स्विचचे वागणेही उलटते. दुकानदार ‘एनओ’ (सामान्यतः उघडा) म्हणतो की ‘एनसी’ (सामान्यतः बंद) याला फार अर्थ नाही, कारण कोणी फ्लोट वरच्या स्थितीत धरून बोलतो, कोणी खालच्या. मल्टिमीटर बझरवर ठेवा, फ्लोट हाताने उचला आणि आवाज येतो का पाहा.

दांडीवर फ्लोटच्या वर आणि खाली क्लिप किंवा कडी असते. ती केवळ फ्लोट पडू नये म्हणून नसते. रीड बंद राहतो तो चुंबक त्याच्यासमोर काही मिलीमीटरच्या पट्ट्यात असेपर्यंतच. पट्टा ओलांडला की तो पुन्हा उघडतो. समजा, पाणी खाली गेल्यावर मंडल जुळून भोंगा वाजेल अशी जोडणी केली आहे आणि खालची क्लिप निसटली आहे. पाणी उतरताना फ्लोट रीडसमोर येईल, भोंगा वाजेल, पाणी आणखी उतरले की फ्लोट रीडच्याही खाली जाईल आणि भोंगा बंद पडेल. टाकी पूर्ण कोरडी आणि यंत्रणा म्हणते सगळे ठीक. आपल्या जोडणीत वरची क्लिप महत्त्वाची: ती निसटली तर फ्लोट रीड ओलांडून वर तरंगत जाईल आणि टाकी भरलेली असूनही पंप चालू होणार नाही. रहिवासी ओरडतील, पण पंप शाबूत राहील. उलट जोडणी का टाळायची ते यावरून कळते. लांब दांडी स्वतः बनवत असाल तर स्टेनलेसची कडी दोन आडव्या स्क्रूंनी आवळा, नुसत्या प्लास्टिकच्या क्लिपवर विसंबू नका.

चुंबक जितका ताकदवान तितके चांगले, हाही एक गैरसमज आहे. कडीच्या चुंबकाला मध्यभागी एक मोठा प्रभावी पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उलट दिशेच्या क्षेत्राचे दोन लहान पट्टे. जोरदार निओडिमियम लावला तर हे बाजूचे पट्टेही रीड बंद करतात आणि फ्लोट एकदा वर जाताना स्विच दोन-तीनदा चालू-बंद होतो. साधा काळा फेराइट चुंबक इथे पुरतो, गंजत नाही आणि उष्णताही सोसतो. नेहमीच्या प्रतीचा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतो आणि निकेलचा मुलामा खरवडला की पाण्यात गंजून फुगतो.

जोडणी आता. रीडमधून थेट पंप चालवायचा नाही, हे सांगायला नको, पण कॉन्टॅक्टरची (पंपाचा वीजपुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइलही थेट चालवायची नाही. साध्या रीडची क्षमता साधारण १० वॉट आणि अर्धा अँपिअर असते. छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल धरून ठेवायला ५ ते १० व्हीए घेते, पण खेचून घेण्याच्या क्षणी ५० ते ७० व्हीए मागते आणि सोडताना व्होल्टेजचा झटका देते. काही आठवड्यांत पात्या एकमेकींना चिकटतात. चिकटलेला रीड म्हणजे कायमचे ‘पाणी आहे’. या बिघाडात आपली सुरक्षित जोडणीही फसते, म्हणून रीडवरचा भार जाणूनबुजून फार कमी ठेवायचा. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या टाकीत २३० व्होल्ट उतरवणे मुळातच चूक आहे.

म्हणून मध्ये २४ व्होल्ट डीसीचा रिले (कॉइलला वीज मिळाली की कॉन्टॅक्ट जोडणारा छोटा स्विच) घाला, दोन चेंजओव्हर कॉन्टॅक्टचा, बेससकट. अशा रिलेची कॉइल साधारण ६५० ओहमची असते, म्हणजे प्रवाह ३७ मिलीअँपिअर आणि रीडवर भार एका वॉटहून कमी. २४ व्होल्टच्या पुरवठ्याचा धन टोक अर्ध्या अँपिअरच्या फ्यूजमधून खालच्या फ्लोटला जाईल. त्यातून निघालेली तार वरच्या फ्लोटला, वरच्या फ्लोटमधून रिलेच्या कॉइलला आणि कॉइलचे दुसरे टोक ऋणाला. आता रिलेचा स्वतःचा एक सामान्यतः उघडा कॉन्टॅक्ट वरच्या फ्लोटला समांतर जोडा. झाली यंत्रणा. पाणी ९० सेंटीमीटरला पोचले की रिले खेचतो आणि स्वतःला धरून ठेवतो. उतरताना वरचा फ्लोट सुटला तरी धरलेलाच राहतो. ५० सेंटीमीटरला खालचा फ्लोट सुटला की पडतो आणि पाणी पुन्हा ९० ला येईपर्यंत उठत नाही. पंपाच्या स्टार्टरवरची चालू-बंद बटणे याच तत्त्वावर चालतात, तुमच्या वायरमनला ही जोडणी तोंडपाठ असेल. रिलेचा दुसरा कॉन्टॅक्ट पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी मालिकेत घ्या. गच्चीवरच्या टाकीचा भरल्यावर तोडणारा स्विच असेल तर तोही त्याच मालिकेत येईल.

कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पांढऱ्या पट्ट्याची बाजू धनाकडे. चुकून सुलटा लागला तर रिले खेचण्याऐवजी पुरवठा शॉर्ट होतो आणि तो सगळा प्रवाह रीडमधून जातो. फ्यूज उडाला तरी रीड आधीच चिकटलेला असू शकतो. म्हणून डायोड रिलेच्या बेसवर लावून झाल्यावर, फ्लोट जोडण्याआधी, कॉइलला पुरवठा देऊन एकदा पाहून घ्या.

वीज जाऊन आली आणि पाणी दोन फ्लोटच्या मधे असेल तर पंप चालू होणार नाही, पाणी ९० ला पोचेपर्यंत थांबेल. हे चालवून घेण्यासारखे आहे. नको असेल तर वरच्या फ्लोटला समांतर एक पुश बटण द्या. दाबल्यावर रिले धरेल, पण खालच्या फ्लोटखाली पाणी असेल तर बटण दाबूनही काही होणार नाही. वॉचमनच्या हाती ‘बायपास’चा टॉगल स्विच देऊ नका. तो एकदा चालू केला की चालूच राहतो.

रिलेऐवजी मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावून मोबाइलवर पातळी पाहायची इच्छा अनेकांना असते. पाहा जरूर, पण पंप थांबवण्याचे काम रिलेकडेच ठेवा आणि बोर्डाला रिलेचा एखादा रिकामा कॉन्टॅक्ट द्या (वरच्या जोडणीत दोन्ही कॉन्टॅक्ट वापरले गेले आहेत, त्यामुळे दोनपेक्षा जास्त कॉन्टॅक्टचा रिले घ्यावा लागेल). कारण साधे आहे. टाकीच्या झाकणाखाली कायम दमटपणा असतो. सांध्यात ओल शिरली आणि दोन तारांमध्ये १० किलोओहमची गळती झाली असे धरा. बोर्डाच्या आतला पुल-अप (इनपुटला धन टोकाकडे ओढून धरणारा रेझिस्टर) साधारण ४५ किलोओहमचा असतो, ३.३ व्होल्टच्या इनपुटवर उरतात ०.६ व्होल्ट आणि बोर्ड ते ‘कॉन्टॅक्ट बंद, पाणी आहे’ असे वाचतो. तीच गळती रिलेच्या मंडलात असेल तर कॉइलवर जेमतेम दीड व्होल्ट पडतो आणि २४ व्होल्टचा रिले तेवढ्यावर धरून राहत नाही. रीड थेट बोर्डाला जोडायचाच असेल तर आणखी एक चूक टाळा: गोंगाट कमी करायला म्हणून रीडवर थेट कपॅसिटर लावला जातो. दर वेळी पात्या जुळताना तो त्यांच्यातून क्षणात रिकामा होतो आणि ठिणगीने पात्या खडबडीत होतात. मधे १०० ओहमचा रेझिस्टर घाला.

बसवणी. जमिनीखालच्या टाकीत फ्लोट वरूनच सोडायचे, भिंतीला भोक पाडायचे नाही. आडवे, बाजूने बसणारे स्विच प्लास्टिकच्या छोट्या टाक्यांसाठी आहेत. ७५ मिलीमीटरचा पीव्हीसी पाइप तळापासून हातभर वर संपेल असा उभा भिंतीला क्लॅम्प करा आणि फ्लोटची दांडी त्यात उतरवा. पाइपचे खालचे तोंड उघडे ठेवा आणि वर, पाणी कधीच पोचणार नाही अशा उंचीवर, ६ मिलीमीटरचे भोक पाडा. वरचे भोक विसरले आणि पाइपच्या वरच्या तोंडाला कॅप लावली तर आत हवा कोंडते आणि पाइपातले पाणी टाकीबरोबर वरखाली होत नाही. पाइपमुळे नळाच्या धारेची खळबळ फ्लोटपर्यंत पोचत नाही. तरीही पाइप नळाच्या तोंडापासून आणि फूट व्हॉल्व्हपासून दूरच्या कोपऱ्यात लावा.

केबल ०.७५ चौरस मिलीमीटरची, तीन कोअरची, टाकीपासून पॅनेलपर्यंत अखंड. २५ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन रोध सव्वा ओहमच्या आसपास येतो, तो नगण्य आहे. सांधा करावाच लागला तर झाकणाच्या बाहेर, बंद डबीत, आत गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळीखाली. क्लोरीनची वाफ उघडे तांबे फार लवकर हिरवे करते.

टाकी लोखंडी असेल किंवा पाइप जुने जीआयचे असतील तर फ्लोट अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गंजाचा काळा चुरा. तो चुंबकाला चिकटतो, फ्लोट आणि दांडीमधली फट भरते आणि फ्लोट वरच अडकतो. म्हणजे पुन्हा ‘पाणी आहे’. लेथच्या कूलंट टाकीत हेच लोखंडी किसाने होते. अशा ठिकाणी दर टाकीधुणीला फ्लोट काढून पुसणे हाच उपाय. लोखंडी भिंतीला किंवा पट्टीला दांडी खेटून लावली तर लोखंड चुंबकाचे क्षेत्र स्वतःकडे ओढून घेते आणि स्विचबिंदू सरकतो. निदान दोन-तीन इंच अंतर ठेवा. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचा असा त्रास सहसा होत नाही, ४३० चा होतो.

हीच यंत्रणा जनरेटरच्या डिझेल टाकीला लावणार असाल तर पाण्याचा फ्लोट तसाच उचलून लावू नका. ३० घनसेंटीमीटरचा, २० ग्रॅम वजनाचा, ४० मिलीमीटर उंच फ्लोट पाण्यात सुमारे २७ मिलीमीटर बुडतो, ०.८३ घनतेच्या डिझेलमध्ये तोच ३२ मिलीमीटर बुडतो. स्विचबिंदू ५ मिलीमीटरने सरकला एवढेच, पण फ्लोट थोडा जड असेल तर तो डिझेलमध्ये नीट उचललाच जात नाही. डिझेलला नायट्राइल रबराचा किंवा स्टेनलेसचा फ्लोट घ्या. पेट्रोल, थिनर असल्या पदार्थांच्या टाक्यांसाठी घरी बनवलेले काहीही वापरायचे नाही. तिथे ज्वलनशील वायूच्या जागेसाठी प्रमाणित साधनेच लागतात आणि मान्यता देणारी केंद्र सरकारची पेसो ही संस्था नागपुरात आहे.

चालू करण्याआधीची तपासणी टाकीत पाणी भरून आणि खरोखर उपसून करा. हाताने फ्लोट हलवून समाधान मानू नका, कारण पाइपातली अडचण हाताला कळत नाही. पाणी ५० सेंटीमीटरला आले की पंप थांबतो का ते मोजपट्टी लावून पाहा. पुढच्या वेळी पंप चालू असताना फ्यूजकडून खालच्या फ्लोटला जाणारी तार पॅनेलमधून काढा. पंप लगेच थांबला पाहिजे. थांबला नाही तर जोडणी उलटी आहे. शेवटी फ्लोट वर-खाली करून मल्टिमीटरने रोध मोजा: बंद स्थितीत केबलसकट दोन ओहमच्या आत, उघड्या स्थितीत वाचनच येता कामा नये. हे आकडे पॅनेलच्या दारावर आतून मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी उघड्या स्थितीत काही किलोओहम दिसू लागले तर ओल शिरली आहे.

सुटा रीड आणून स्वतः दांडी बनवणार असाल तर काचेपासून निदान ३ मिलीमीटर सोडून, पक्कडीने धरून मगच तार वाकवा. काचेला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. तारा फार आखूड कापल्या तर स्विचची संवेदनशीलता घटते. कडक इपॉक्सी थेट काचेवर ओतू नका, आधी सिलिकॉनचा मऊ थर द्या. आणि फरशीवर पडलेला रीड, मल्टिमीटरवर चालत असला तरी, टाकून द्या.

चिकटलेल्या रीडवर आणि अडकलेल्या फ्लोटवर फ्लोटच्या जोडणीत उपाय नाही. त्यासाठी स्टार्टर पॅनेलमध्ये कमी प्रवाहावर तोडणारा ड्राय-रन रिले बसवा. पाणी ओढणे थांबले की मोटरचा प्रवाह उतरतो, त्यावर तो पंप बंद करतो. पाण्यावर चालताना पंपाचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजा. मग फूट व्हॉल्व्ह पाण्यात असताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह काही सेकंद पूर्ण बंद करून पुन्हा मोजा. तोडण्याचा आकडा या दोन वाचनांच्या मधे ठेवा आणि ५ ते १० सेकंदांचा उशीर द्या, नाहीतर पाइप भरताना पंप उगाच बंद पडत राहील.